आठ शून्यं

“ही बाय काय इचारतच नाय गो, नुसती लिवते.”

अर्ध्या उघड्या दारातून हे आत आलं तेव्हा मी खरंच लिहीत होते. बोलणाऱ्या मंदाताई. त्यांचे मिस्टर, जनार्दनकाका, माझ्यासमोर खुर्चीत होते — तोंडात दातांचं माप घ्यायचा ट्रे, हनुवटीखाली टिश्यू. ते बोलू शकत नव्हते. मी बोलू शकत होते. बाहेर काउंटरवरची मुलगी हसली आणि मी पुढची ओळ भरली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आत्ता तुम्हाला का सांगतेय? नक्की माहीत नाही. हलकं वाटेल, असं काही वाटत नाहीये.

मी डेंटिस्ट आहे. जुईनगरला सरांच्या क्लिनिकमध्ये तीन वर्षं काम करते. आमच्याकडे घोरणारे येतात, झोपेत श्वास थांबणारे येतात. खालचा जबडा रात्रभर थोडा पुढे धरून ठेवणारा ट्रे आम्ही बनवतो, म्हणजे घशातली वाट उघडी राहते. लोकांना नवल वाटतं — झोपेचा आणि दातांच्या डॉक्टरचा काय संबंध? पण तोंडात बरंच काही दिसतं. झिजलेल्या दाढा दिसतात, जिभेच्या कडेला उमटलेले दातांचे ठसे दिसतात. बाकीचं विचारावं लागतं.

विचारण्यासाठी एक फॉर्म आहे. आठ प्रश्न. बसल्या बसल्या डुलकी लागते का? टीव्ही बघताना? गाडी सिग्नलला थांबली की? प्रत्येकाला शून्य ते तीन आकडा द्यायचा. दात दाखवायला आलेल्यांनाही हे विचारायचं, हा सरांचा नियम. बेरीज जास्त आली की पेशंटला झोपेतला श्वास मोजणारं, छातीचा पट्टा आणि बोटाचा चिमटा असलेलं मशीन एका रात्रीपुरतं घरी द्यायचं.

मी विचारत नव्हते.

मराठी येत नाही म्हणून? असं मी स्वतःला सांगून पाहिलंय. ते खोटं आहे. शाळा इंग्लिश मीडियमची असली तरी बाबा साताऱ्याचे, तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. घरात दुसरी भाषा नाही. मला फक्त अनोळखी माणसाला त्याच्या झोपेबद्दल विचारणं जमत नव्हतं. ती समोरची माणसं, त्यांचं हसणं, त्यांची लांबत जाणारी उत्तरं... मी लहानपणापासून बोलण्यापेक्षा बघणारी. म्हणून बघूनच आकडे भरायचे. मान जाड, पोट सुटलेलं, डोळे तांबारलेले — दोन, दोन, तीन. आणि हे कधी भरायचे, तर तोंडात मापाचा ट्रे असताना. त्यातला ठसा घ्यायचा मसाला घट्ट व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात फॉर्म होतो. समोरच्याला बोलता येत नाही, तेव्हाच.

माझे अंदाज बरोबर यायचे. सर म्हणायचे, तुझी हिस्ट्री परफेक्ट असते.

जनार्दनकाका जासईचे. तिथल्या यार्डातून पोर्टवर कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. दाढा झिजल्या म्हणून आले होते. अंगाने काटक, सडसडीत, बोलायला मिश्कील. खुर्चीत बसताच म्हणाले, “मॅडम, दात काराचा आसंल त बायकोचा कारा, तिचाच तोंड जास्ती चालतंय.” मंदाताईंनी दारातूनच त्यांना, “गप बस रं,” म्हटलं. असा माणूस दिवसा पेंगतो? मला नाही वाटलं. मी आठ शून्यं लिहिली. त्यांना झोपेत दात एकमेकांवर घासले जाऊ नयेत म्हणून रात्री लावायचं साधं कव्हर दिलं आणि पाठवलं. मशीन दिलंच नाही.

चार-पाच महिन्यांनी, भर दुपारी, यार्डातल्या वजनकाट्याच्या केबिनवर त्यांचा ट्रेलर गेला. काट्यावरचा माणूस चहाला गेला होता, म्हणून वाचला. काकांचं मनगट मोडलं. ब्रेक मारल्याची खूण नव्हती. त्यांना झोप लागली होती.

इथे थांबून एक दुरुस्ती करते. मंदाताईंचं बोलणं मी सुरुवातीला अर्धंच सांगितलं. पुढेही होतं. काउंटरवरच्या मुलीला त्या म्हणाल्या होत्या, “मना सांगाचा व्हता. ह्यो रातचा मधीच श्वासच घेत नाय. मी गदागदा हलवून उठवतंय त्याला.”

मी ते ऐकलं होतं. शब्द न् शब्द. दार चार पावलांवर होतं. सहा शून्यं लिहून झाली होती, दोन राहिली होती.

ती दोन मी त्यानंतर लिहिली.

आता उरलेलं.

प्लॅस्टर घातलेल्या हाताने काका पुन्हा आले, मंदाताई सोबत. या वेळी सरांनी स्वतः तपासलं, मशीन दिलं. रिपोर्ट वाईट होता. कंपनीला क्लिनिकचं पत्र हवं होतं. काकांना त्रासाची कल्पना नसेल, तर बरे होईपर्यंत यार्डातच बसून काम देणार होते. डॉक्टरांपासून लपवलं असेल, तर काढून टाकणार. सरांनी जुना फॉर्म काढून टेबलावर ठेवला. माझं अक्षर. आठ शून्यं, एका रांगेत, सगळी सारख्या आकाराची.

“ड्रायव्हर लोकांचं हेच असतं,” सर म्हणाले. “नोकरीचं टेन्शन, म्हणून लपवतात.”

“आमाला कुनी इचारलाच नाय, सायेब,” मंदाताई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्या मुलीच्या वयाची असेन. “गप गो,” ते म्हणाले. “मॅडमनी इचारला आसंल. माझ्याच ध्यानात नसंल.”

पत्र गेलं. काकांची नोकरी गेली. आता ते घरीच असतात. मंदाताई उरणच्या बाजारात भाजी घेऊन बसतात. जबड्याचा ट्रे मात्र काकांना लागू पडला. दीड-दोन महिन्यांनी येतात, मी बारीक चावीने स्क्रू फिरवून तो किंचित पुढे करते. मागच्या वेळी वालाच्या शेंगा घेऊन आले. म्हणाले, “मॅडम, आता झोप लागते बगा.” मी शेंगा घेतल्या. घरी आईने त्यांची उसळ केली. मी जेवले.

फॉर्म आता मी विचारून भरते. ते सांगण्यासारखं काही नाही, तसंच करायचं असतं.

जुना फॉर्म टेबलावर होता त्या दिवशी सरांनी आपल्या केबिनमध्ये माझ्याकडे मान वळवली होती. फक्त माझ्याकडे. काय ते एकदाचं सांग, अशी. मंदाताईही बघत होत्या. आणि मी, जिला चारचौघांत आवाज फुटत नाही, ती अजिबात न अडखळता, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले —

“मी विचारलं होतं, सर. दोनदा.”