सोंगानं मागितलेला शिपाई

इटलीनं हबसाणावर, म्हणजे अ‍ॅबिसिनियावर, स्वारी केली त्याच्या पुढच्या शिमग्याला मी वाडीवर आलो तो रागानं धुमसतच. महाडहून मोटारीनं पोलादपूर, तिथून आंबेनळीच्या वाटेनं पायी. पण राग काही उतरला नाही. मुंबईला गिरणीतून सुटलो की खोलीवर आम्ही वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायचो. अनवाणी माणसांवर विमानातून विषारी वायू सोडतात म्हणे, आणि वर तोऱ्यात सांगतात, आम्ही त्यांना सुधारायला आलोय. मेल्यांनो, तुम्हाला बोलावलं कुणी? मी ठरवलं, यंदा सोंग काढायचं ते त्यांच्या सेनापतीचं.

मातीच्या साच्यावर कागद चिकटवून मुखवटा केला. जबडा वीतभर पुढे, डोक्यावर कोंबड्याचा तुरा, गळ्यात गोवऱ्यांची पदकं, कमरेला तलवारीऐवजी मुसळ. नाचवायला माझा चुलता. तो मागच्या मोठ्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला, एक पाय ओढत चालायचा. त्याच्यासारखी फौजी ऐट दुसऱ्या कुणाला जमली नसती.

घरोघर अंगणात उभा राहून तो गर्जायचा, "हबसाण घेतलं, आता हिंदुस्थान घेणार, मग महाडची बाजारपेठ! फौज कमी पडतेय. घरटी एक शिपाई द्या." लोक पोट धरून हसायचे आणि शिपायाऐवजी शिमग्याचं पोस्त म्हणून नारळ द्यायचे. एका म्हातारीनं तर जबड्यावर केरसुणी हाणली. मला बरं वाटलं.

शेवटचं घर शेजारच्या काकीचं. तिचा नवरा चुलत्याबरोबर एकाच पलटणीत होता. चुलता परतला, तो नाही. सरकारी कागदावर नुसतं 'बेपत्ता'. चुलता सांगायचा, "धामधुमीत चुकामूक झाली. तुर्कांनी धरून नेला असंल. येईल." त्या एका शब्दावर काकी इतकी वर्षं कुंकू लावत होती. सणाला चाकरमानी यायचे त्या दिवशी ती वाटेवर जाऊन उभी राहायची.

दिवसभर घोकलेलं वाक्य चुलत्याच्या तोंडून इथंही निघून गेलं, "एक शिपाई द्या."

काकी नारळ घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती हसली नाही. मुखवट्याकडे बघत म्हणाली, "माझा नेलास की. आधी तो परत दे, मग दुसरा माग."

ढोल थांबला. सोंग घरी पोचेपर्यंत मुखवटा काढायचा नसतो, आमच्यात ते अशुभ मानतात. चुलत्यानं तो काढला. घामानं कागदाचा रंग त्याच्या गालांवर उतरला होता.

"वयनी, तो येणार नाय. माझ्या मांडीवर गेला. माती मीच दिली."

"मग आजवर बोलला नाय?"

"तुमी वाटंवर उभ्या ऱ्हायच्या. माझी जीभ रेटली नाय."

मला त्याचा असा संताप आला, वाटलं ते मुसळ त्याच्याच टाळक्यात घालावं. आणि रडूही आलं. काकीनं मात्र एवढंच विचारलं, "पाणी मागितलं व्हतं त्यानं?"

"व्हय. पाजलं."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ धुतलेलं होतं आणि हातात भरलेला तांब्या होता. तो तिनं चुलत्यापुढं धरला.

"तोंड धुवा, भावजी."