ओरिजिनलसारखी विंडोज

मोहसीन शिकलगाराच्या दुकानात विंडोज कुणी विकत घेत नसे. ती मारली जाई. "विंडोज मारून दे," असं गिऱ्हाईक म्हणे आणि भिंतीला रंग मारावा तशी मोहसीन ती मारून देई. मलकापुरात काय आणि कराडात काय, या धंद्यातल्या कुणालाच त्या शब्दाचं कधी काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याचे पैसे मारणारा आणि विंडोज मारणारा यांचं काही नातं असेल, हे ध्यानात यायला एक तर भाषेचा शिक्षक लागतो, नाहीतर वाईट दिवस. मोहसीनच्या वाट्याला दोन्ही एकदमच आले.

तो मूळचा पलूसचा. वडील चांदसाहेब ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावत. मोहसीनचा हात लोखंडावर बसला नाही, पण बारीक स्क्रूवर बसला. आयटीआय करून तो कराडला एका कॉम्प्युटरवाल्याकडे कामाला राहिला आणि पुढे मलकापुरात त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. आता चाळिशी ओलांडली. दुकान मोठं झालं नाही, नाव मात्र झालं. कॉम्प्युटर दुरुस्तीत सगळ्यात मोठं पाप म्हणजे गिऱ्हाइकाचा चांगला पार्ट काढून घेऊन त्या जागी खराब बसवणं. मोहसीननं ते कधी केलं नाही. उलट जळालेला, निकामी झालेला पार्टसुद्धा तो पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात देई. लोक त्याला इमानदार म्हणत, आणि इतकी वर्षं ऐकून त्यालाही ते पटलं होतं.

विंडोजचा हिशेब या इमानदारीच्या बाहेरचा होता. पेनड्राइव्हवर विंडोज असे आणि तिच्याबरोबर एक छोटा प्रोग्रॅम. आपले पैसे भरले गेलेत अशी कॉम्प्युटरची समजूत घालायचं काम तो प्रोग्रॅम करी. अशा विंडोजला बाजारात बरीच नावं होती. कुणी क्रॅक म्हणे, कुणी फुल व्हर्जन. चोरीची असं कुणीच म्हणत नसे. आणि जी पडद्यावर 'लायसन्स घ्या' अशी कटकट करत नाही तिला सरळ 'ओरिजिनल' म्हणत. मोहसीनही म्हणे. खरी ओरिजिनल विंडोज घ्यायची तर जुने-नवे भाग जोडून केलेल्या मशीनच्या निम्म्या किमतीला भिडते, हे त्याला माहीत होतं. कुणी विचारलंच तर त्याचं उत्तर तयार असे. ती कंपनी काय मलकापूरच्या पैशांवर जगत नाही.

एकदा त्यानं एका खतवाल्याच्या दुकानात विंडोजऐवजी लिनक्स घालून दिली होती. ती फुकट मिळते, कायद्यानं मिळते आणि बिलं काढायला पुरेशी असते. खतवाला दोन दिवसांत मशीन उचलून परत आला. चालत सगळं होतं, पण विंडोजसारखं दिसत नव्हतं, आणि आपल्याला अर्धवट माल दिला अशी त्याची खात्री झाली होती. मोहसीननं वाद घातला नाही. विंडोज मारून दिली. त्यानंतर लिनक्सचं नाव त्यानं दुकानात काढलं नाही.

लीलाबाई महाडिक दुकानात आल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाला. पलूसच्या हायस्कुलात त्यांनी मोहसीनला मराठी शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्या कडेगावजवळच्या आपल्या गावी राहत. त्यांचे यजमान, सुभेदार लालासाहेब, आदल्या वर्षी वारले होते. गावच्या हायस्कुलाला त्यांच्या नावानं तीन कॉम्प्युटर द्यायचे बाईंनी ठरवलं होतं, आणि कराडची मोठी दुकानं सोडून त्या मुद्दाम आपल्या विद्यार्थ्याकडे आल्या होत्या. भाव त्यांनी केला नाही. सगळं धरून होईल ती रक्कम सांग म्हणाल्या. एकच अट घातली.

"सगळं ओरिजिनल पायजे. त्यांचं नाव लावायचं हाय त्यावर."

"बाई, एकदम ओरिजिनल मारून देतो."

"मारतोस कशाला?" बाई म्हणाल्या. "नीट घालून दे."

तो हसला. वर्गाबाहेर बाई गावचीच भाषा बोलत, पण चुकीचं क्रियापद त्यांना अजूनही खपत नव्हतं. आपण खोटं बोललो असं त्या वेळी त्याच्या मनाला शिवलंही नाही. जीभ रोजच्या वळणानं गेली होती.

मशीन त्यानं मन लावून केली. चांगले पार्ट घातले, तारा नीट बांधल्या. प्रत्येक मशीनवर सुभेदारांचा गणवेशातला फोटो आणि 'स्मरणार्थ' असं छापलेलं स्टिकर चिकटवलं. शाळेत नेऊन जोडून दिली, इंटरनेटही चालू करून दिलं. चूक इथंच झाली. शाळेच्या कुणा शिक्षकानं कॉम्प्युटर चालूच ठेवले, इंटरनेटवरून अपडेट आले, आणि त्या अपडेटनं पेनड्राइव्हवरचा तो छोटा प्रोग्रॅम ओळखून काढून टाकला.

उद्घाटनाला निम्मा गाव होता. बाईंच्या सांगण्यावरून सगळ्यात आधी मोहसीनचाच सत्कार झाला. खांद्यावर शाल, हातात नारळ. बाईंनी माइकवर त्याची ओळख करून दिली. माझा विद्यार्थी, म्हणाल्या, जळालेला पार्टसुद्धा गिऱ्हाइकाला परत देणारा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रोजेक्टर लागला आणि भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर सुभेदारांचा फोटो उमटला. खाली उजव्या कोपऱ्यात, नेमक्या त्यांच्या बुटांवर, करड्या इंग्रजी अक्षरांत विंडोज अॅक्टिव्हेट करा अशी सूचना होती.

पाहुणे म्हणून आलेल्या निवृत्त कॅप्टनांनी चष्मा सारखा करून ती मोठ्यानं वाचली आणि हे काय आहे म्हणून विचारलं. बाईंचा पुतण्या ऋषिराज पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. तो पुढच्याच रांगेत बसला होता.

"काही नाही सर," तो हसत म्हणाला. "काकीला फुकटातली मारून दिलीय जणू."

मागं खसखस पिकली. बाई उठून उभ्या राहिल्या.

"मोहसीननं ओरिजिनल दिलीय. मी काल येऊन बघत बसले हुते, माझ्याच हातनं कायतरी बटण दाबलं गेलं असंल." मग त्याच्याकडे वळल्या. "मोहसीन, बघ बरं जरा."

पेनड्राइव्ह किल्ल्यांच्या जुडग्यात होताच. खिशात हात घातला तेव्हा, तार सैल आहे, नंतर बघतो, असं म्हणून वेळ मारून नेता येईल हे त्याला सुचलं होतं. पण लोक बघत होते, बाई बघत होत्या. त्यानं पेनड्राइव्ह लावला. पडदा एकदा काळा होऊन परत उजळला. सुभेदारांच्या बुटांवरची अक्षरं गेली होती. पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा जोरात. बाईंनी पुतण्याकडे बघून मान हलवली, 'म्हणलं नव्हतं का' अशी. जाताना ऋषिराजनं त्याच्या पाठीवर थाप टाकली.

"लय भारी हात हाय तुमचा."

गाडीवरून मलकापूरला येईपर्यंत शाल त्याच्या खांद्यावर तशीच होती. घरासमोर शेजाऱ्यानं कसला सत्कार म्हणून विचारलं, तेव्हा ती ओढून काढून त्यानं डिकीत कोंबली.

पुढचे काही दिवस त्यानं दुकान उघडलं, पण विंडोज मारायची कामं दुसऱ्याकडे पाठवली. कारण विचारणाऱ्यांना मशीन बिघडलंय म्हणून सांगितलं, म्हणजे आणखी खोटं. बायको फिरदोसनं सत्काराचा नारळ फोडून चटणी केली. दुपारी ताटात ती वाढलेली बघून त्यानं ताट बाजूला सारलं. काय झालं ते फिरदोसनं एकेक करून काढून घेतलं. तिला आधी त्यात काही वावगं दिसेना. सगळेच तर करतात, म्हणाली. मग तिनं एकच विचारलं. बाईंनी आपली चूक म्हणून सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? काहीच नाही, असं त्यानं सांगितल्यावर ती उठली आणि चटणी उचलून आत घेऊन गेली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो दुकानाकडे न वळता गाडीवरून थेट बाईंच्या गावाला गेला. बाई घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा निवडत होत्या. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. त्यानं सुरुवात केली आणि ती मशीनच्या तारांवरच घुटमळली. बाईंनी त्याला पुरतं बोलू दिलं नाही.

"ऋषिराजनं त्याच दिवशी सांगितलंय मला. घरी आल्या आल्या."

"मग बाई, तुमी बोलला का न्हाई?"

"तू बोलतोस का बघत हुते."

शेंगा निवडायचं थांबलं नव्हतं. तिथं असं बसण्यापेक्षा बाईंनी पूर्वीसारखी पट्टी मारली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. बाईंनी खरी विंडोज किती रुपयांची असते ते विचारलं. त्यानं आकडा सांगितला.

"एवढी? मग तेवढ्या मोलाची हाय का ती?"

धंद्यात इतकी वर्षं काढून हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. जी वस्तू कुणी विकत घेतच नाही तिची किंमत वाजवी की अवाजवी, हे ठरवायची पाळीच कुणावर येत नाही.

"ठाव न्हाई बाई. माझ्याकडनं कुणी घेतलीच न्हाई कधी."

"मग महाग म्हणून चोरायची, ते तरी कशावरनं ठरवता तुमी?" बाई म्हणाल्या. "आणि पोरांना ती लागतीच का?"

त्यानं खरं ते सांगितलं. टायपिंग, चित्रं, गणितं, इंटरनेट, शाळेच्या पोरांना लागतं ते सगळं लिनक्सवर चालतं. ती फुकट असते आणि चोरावी लागत नाही. बाईंनी विचारलं, मग तीच का नाही घातलीस.

"लोकांना वाटतं, अर्धवट दिलं."

"मी म्हणले असते तसं?"

त्यानं मान हलवली. बाई म्हणाल्या नसत्या. त्यांनी विचारून घेतलं असतं, वहीत उतरवून घेतलं असतं आणि तेच शाळेला समजावून सांगितलं असतं. त्यांना दोन्ही गोष्टी सांगून निवड करू द्यायची, एवढंच काम होतं, आणि ते त्यानं केलं नव्हतं. खरी विंडोज बाईंना परवडली असती. फुकटची लिनक्सही त्यांनी चालवून घेतली असती. तिसरी, चोरीची, फक्त मोहसीनच्या सोयीची होती.

तिन्ही मशीनला खरी विंडोज घेऊन देतो, असं तो म्हणाला. पदरचे घालून. बाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"ते शाळेला इचार. काय पायजे ते शाळा सांगंल. आधी त्यांचं नाव काढ त्यावरनं."

गाडीवर मागं बसून त्या शाळेपर्यंत आल्या. शाळा सुटली होती, शिपायानं कॉम्प्युटरची खोली उघडून दिली. स्टिकर चांगल्यातलं होतं, मोहसीननं निवडून आणलेलं, सुटता सुटेना. अंगठ्याच्या नखानं कड उचलून ओढलं तर पहिल्याच मशीनवर फोटो मधोमध फाटला. टोपी आणि डोळे हातात आले, मिशा मशीनवर राहिल्या. बाईंनी ते पाहिलं. मग त्या खिडकीशी गेल्या आणि मैदानाकडे बघत उभ्या राहिल्या. तो नखानं मिशा खरवडत राहिला.

दुसऱ्या मशीनवर असताना मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडम दारात आल्या. अहो, नाव का काढताय, त्यांनी विचारलं, आणि उत्तरासाठी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान वळवली नाही. त्या दिवशी निम्म्या गावासमोर, न दाबलेलं बटण आपल्या माथी घेऊन, त्या त्याच्यासाठी खोटं बोलल्या होत्या. आज त्या काहीच बोलणार नव्हत्या.

"मॅडम, यातली विंडोज चोरीची हाय," मोहसीन म्हणाला. "मी घातली. बाईंना ठाव नव्हतं. उद्घाटनाला तुमच्यासमोर परत तीच घातली."

"तिन्हीत?"

"तिन्हीत."

मॅडमनी बाईंकडे पाहिलं, फाटक्या स्टिकरकडे पाहिलं. मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्यांनी खोलीबाहेर, व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या आपल्या ऑफिसकडे नजर टाकली. तिथला कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी शाळेनं मोहसीनकडूनच दुरुस्त करून घेतला होता.

"आणि माझा?"

"तो पण," मोहसीन म्हणाला, आणि तिसऱ्या मशीनकडे वळला.