देव्हाऱ्यावरची चड्डी

बालीच्या काळ्या वाळूवरल्या आमच्या रिसॉर्टमध्ये रुस्मिनीताई एकोणीस वर्षं खोल्या झाडत होत्या. पाहुण्यांच्या ओकाऱ्या पुसतानाही त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. त्या सकाळी त्या नैवेद्य ठेवायला गेल्या, तर समुद्राकडच्या देव्हाऱ्यावर एका पाहुण्याची ओली चड्डी वाळत घातलेली. तिचं पाणी देवाच्या फुलांवर ठिबकत होतं.

ताईंचं तोंड पहिल्यांदाच वाकडं झालं.

मॅनेजर कुजबुजला, "ताई, गिऱ्हाईक आहे. गप्प बसा, नाहीतर नोकरी जाईल तुमची."

ताईंनी काठीनं चड्डी उचलली आणि नाश्ता करणाऱ्या त्या पाहुण्याच्या ताटाशेजारी नेऊन ठेवली.

"शी! मी इथं जेवतोय ना?"

"आणि तिथं आमचे देव जेवतात," म्हणत ताईंनी एप्रन सोडला आणि मॅनेजरच्या हातात दिला.