शरणम्मांचं स्वयंपाकघर आणि हल्ली

शरणम्मांना सुनेनं स्वयंपाकघरातून हाकललं, ही बातमी आमच्या गल्लीत एका दिवसात घरोघर पोचली. सोलापुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. बातमीचं तसं नाही, ती वेळेवर येते.

उगम अर्थातच शेजारच्या अनसूयाबाई. त्यांनी सहज विचारलं होतं, "काय अक्का, स्वयंपाकाच्या वेळी ओसरीत बसून असता?"

"स्वैपाकघरात हल्ली बसलीय. मी न्हाय पाय ठेवत तितं."

हल्ली म्हणजे अलीकडे, आणि बसलीय ती सून, असा अनसूयाबाईंनी सरळ मराठी अर्थ लावला. पण शरणम्मांचं माहेर कर्नाटकाच्या सीमेवरचं मैंदर्गी. त्यांच्या कन्नडात हल्ली म्हणजे पाल!

चांगली धष्टपुष्ट पाल. दिवेलागण झाली की ओट्यावरच्या ट्यूबलाइटपाशी ठाण मांडायची. शरणम्मा म्हणजे नवऱ्यामागं धान्याचं दुकान एकटीनं ओढलेली बाई. हमालांना दरडावणार, बिथरलेली म्हैस कान धरून बांधणार. पाल दिसली की मात्र थेट पलंगावर, पाय वर घेऊन. ओटा हातचा गेला होता. सून शिवलीला थापायची ती भाकरी खाताना त्यांचा चेहरा असा, की जणू औषध घेतायत.

मुलगा बसूनं झाडू उचलला, तर नात महेश्वरी आडवी आली. शाळेनं घरातल्या एका प्राण्याचं निरीक्षण करायला सांगितलं होतं, आणि घरात दुसरा प्राणी नव्हता. शिवलीलानं बसूचं नाव सुचवून पाहिलं. ते बाद झालं.

"आत्याबाई, ती कशासाठी येते ते शोधू," शिवलीला म्हणाली. "ते बंद केलं की आपणच जाईल."

पहिल्या संध्याकाळी ओट्यावरचा दिवा बंद करून ओसरीतला लावला. किडे ओसरीत, पाठोपाठ पालही ओसरीत.

"आज्जी, तिला उजेड आवडतो!" महेश्वरी नाचली.

"आन् मी अंधारात भाकरी थापू व्हय? बोटं भाजून घीन की!"

मग दुसरा डाव. दोन्ही दिवे चालू, पण स्वयंपाकघराच्या खिडकीला मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला. किडे आत येईनात. शरणम्मांनी दाराच्या चौकटीत खुर्ची टाकली, पाय वर घेऊन बसल्या. पाल आली. ट्यूबलाइटपाशी नुसतीच थांबली. उजेड होता, जेवण नव्हतं. शेवटी वळली आणि भिंतीवरून दाराकडं निघाली, ओसरीतल्या किड्यांकडं. वाट नेमकी शरणम्मांच्या डोक्यावरून!

"आज्जी, हलू नको! ओरडलीस तर परत आत जाईल!"

दुकानात ज्यांचा आवाज रस्त्यापलीकडं जायचा, त्या शरणम्मांनी पदर दातांत धरला आणि डोळे घट्ट मिटले. पाल सावकाश, अगदी पाहुणीसारखी, चौकट ओलांडून गेली, तसे शरणम्मांनी डोळे उघडले. ओसरीत पोचताच तिनं एक किडा मटकावला.

"हिडीतु नोड!" शरणम्मा ओरडल्या. "धरला बघ!" आणि खुर्चीवरून उतरून तडक ओट्याशी. परात ओढली, पीठ घेतलं, सुनेला म्हणाल्या, "सर तिकडं."

तेवढ्यात अनसूयाबाई आल्या, सासू-सुनेचं मिटलं का बघायला. बघतात तो ओसरीत पाल.

"अगंबाई! अक्का, हाकला की तिला. दारात कशाला पोसता?"

शरणम्मा भाकरी उलटत म्हणाल्या, "राहू दे की. ती किडे खाती. माणसाचं डोकं न्हाय खात."