काढणीआधीचं पाणी

वडील मंगळवारी गेले. दहावा झाल्यावर मी कामथडीच्या बागेत गेलो, तेव्हा ठिबकच्या नळीखालच्या ओल्या मातीचा वास आला आणि आमच्या पहिल्या पिकाचं वर्ष आठवलं. लाल वाईनच्या द्राक्षांना काढणीआधी तहान लागू द्यावी लागते. मणी बारीक आणि साल जाड राहिली, तरच वाईनला गडद रंग आणि तुरटपणा येतो. हे मी वडिलांना पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. त्या काढणीला माल बघायला आलेल्या वाइनरीच्या साहेबांनी एक मणी चावला, दुसरा चिरडून बोटांवरचा फिका रस पाहिला. “ही खायची द्राक्षं झाली. वाईन पाणचट होईल. पाणी कुणी दिलं?” वडील पुढं झाले. “म्या दिलं. पानं माना टाकत हुती, बगवत न्हवतं.” “आबा, वेल मरत नव्हते. सांगितलं होतं ना?” मी म्हणालो. “व्हय, सांगितलंतं. पन जल्मभर भात लावला. तहानेल्याला पाणी पाजायचं, एवढंच ठावं.” साहेब हसले. मीही हसलो आणि त्यांच्यादेखत म्हणालो, “यापुढं बागेत तुमचं काम नाही.” वडिलांनी खिशातून पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि बांधाबांधानं घरी गेले. साहेबांनी तो माल घेतला नाही. वडील पुन्हा बागेत आले नाहीत, मीही बोलावलं नाही. आता आमच्या द्राक्षांची वाईन गडद होते. काढणीआधी पाणी मी तोडतो, आणि मला कुणी अडवत नाही.