चाकाखालचा गोटा

कणकवलीहून गाडी सुटली तेव्हा मी पिशवीची चेन तिसऱ्यांदा ओढून पाहत होते. त्यामुळे पोचवायला आलेल्या शेजारणीला हात करायचा राहूनच गेला. माझी शाळा सहावीत सुटली. पुढे जे काही शिकले ते काजूच्या कारखान्यात. काळजी करायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. त्यात माझा हात धरणारं अजून कुणी भेटलेलं नाही.

निघाले होते धाकट्या बहिणीकडे, वर्धा जिल्ह्यातल्या आंजीला. सुनंदा सेवाग्रामला नर्स व्हायला गेली आणि तिकडचीच होऊन बसली. तिची भाषासुद्धा आता तिकडची झाली आहे. पिशवीत तिच्यासाठी सोडे (सुकवलेली कोळंबी) होते. डब्यात कुणीतरी वासावरून भांडणार, या धास्तीने मुंबईपासून पुढे मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. भांडलं कुणीच नाही. पुलगाव आलं तेव्हा शेजारचे गृहस्थ सहज म्हणाले, "इथं मिलिटरीचा मोठा दारूगोळा ठेवला असते." मी लगेच पाय वर घेऊन बसले. पाय वर घेतल्याने काय होणार होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

वर्ध्याहून एसटीने आंजी. दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन, मधून तुरीच्या ओळी. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे नजर सुटली की थांबायलाच तयार नाही. सुंदर होतं, पण मला थोडी भीतीच वाटली.

पोळ्याला पुरणपोळी आणि कढी झाली. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा. त्यात खऱ्या बैलांऐवजी चाकांवरचे लाकडी नंदी असतात. ते घरोघर नेले की मुलांना बोजारा (खाऊ, पैसे) मिळतो. माझी भाची तनू सहा वर्षांची, तिचा नंदी मांजराएवढा. सुनंदाला नेमकी ड्युटी होती आणि मेव्हणे मटणाच्या पातेल्यापासून हलत नव्हते.

"ताई, तनूले तुह्या भरवशावर सोडून राह्यली," सुनंदा म्हणाली. "नजर ठेवजो."

नजर ठेवायला मला सांगावं लागतं का?

चौकाकडे जाणारा रस्ता उताराचा. खाली मुलं आपापले नंदी पुढ्यात घेऊन रांगांमध्ये बसलेली. त्यांच्या मागे, चढावर, मंडळाचा मोठा नंदी. माणसापेक्षा उंच, लोखंडी चाकांच्या गाड्यावर उभा, शिंगांना बेगड, पाठीवर झूल. तनू सगळ्यात मागच्या रांगेत, म्हणजे या नंदीच्या बरोबर समोर. डफडं जोरात वाजत होतं.

काळजी करायला मी काहीतरी शोधत होतेच, ते सापडलं. नंदीच्या पुढच्या चाकाशी एक गोटा पडला होता. इथून पोरं धावणार, कुणाला तरी ठेच लागणार, हनुवटी फुटणार, टाके पडणार आणि ते सुनंदालाच घालावे लागणार. मनात एवढं होईपर्यंत मी वाकून गोटा उचललाही.

नंदी निघाला.

सावकाश निघाला, म्हणून मला वाटलं मिरवणूकच सुरू झाली. मग समोर तनूची पाठ दिसली.

गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपाशी आमच्याकडे पाठ करून एक होमगार्ड बाई उभी होती. चाकाची करकर ऐकून ती वळली. काठी टाकली, गाड्याला खांदा लावला, टाचा रोवल्या. "ए, या रे दोघं," एवढंच म्हणाली. तिचे दोन साथीदार धावले. तनूच्या वेणीपासून हातभर अंतरावर नंदी थांबला. तनूने वळूनसुद्धा पाहिलं नाही. ती आपल्या नंदीची घंटी बांधत होती. डफडंही थांबलं नाही.

"काकू," बाई धापा टाकत म्हणाली, "तो गोटा ठेवता का खाली?"

गोटा माझ्या पोटाशी होता, तान्ह्या बाळासारखा धरलेला. मी तो चाकाला लावला.

मंडळाचा एक पोरगा पळत आला. "गोटा कोनं काढला?"

"सरकला असंल," बाई म्हणाली. "तू नंदीचा दोर सोडून कुठं गेलता?"

तो दोर धरून उभा राहिला. बाईने माझ्याकडे पाहिलं. "कुठल्या तुम्ही?"

"कोकणातली. देवगडकडची."

"तिकडे गोटे नाई का? इथले नेऊन राह्यल्या ते."

"आहेत की, भरपूर," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"रडू नका. लोकं विचारतीन काऊन रडून राह्यल्या, मंग मले सांगा लागंल. माह्याजवळ उभ्या राहा. अन् हात मागं बांधा."

तिचं नाव रेखा. एरवी शिवणकाम, सणासुदीला बंदोबस्त. तिच्या शेजारी उभी राहून मी पाहिलं. झोकांड्या खाणाऱ्या एकाला तिने कोपराला धरून पानठेल्याच्या बाकावर बसवलं, पाहुण्याला बसवावं तसं. दोन पोरं एकमेकांकडे डोळे वटारत होती, त्यांच्यामध्ये तिचा साथीदार नुसता जाऊन उभा राहिला. लोंबलेली वायर कुणीतरी बांबूने उचलली आणि मोठा नंदी खालून गेला. गर्दी टाळ्या वाजवत होती.

"तुम्ही नंदी पाहत नाही?" मी विचारलं.

"मले लोकं पाहा लागते."

"घरी मुलं?"

"पोरगी आहे. तिचा नंदी तिची आजी फिरवून राह्यली." खरचटलेल्या कोपरावर तिने बाही ओढली. मी मलमाची ट्यूब पुढे केली. ती हसली. "अर्धा दवाखाना घेऊन फिरता, काकू."

संध्याकाळी सुनंदाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तनूच्या वेणीवरून हात फिरवत राहिली. मग उठून मटण-भाकरीचा डबा भरला. आम्ही दोघी चौकात गेलो, तर रेखाला पुढच्या गावच्या बंदोबस्ताला नेलं होतं. डबा तसाच परत आणला. माझे आभारही.

दोन दिवसांनी मी घरी, आणि पाठोपाठ गणपती. विसर्जनाला किनाऱ्यावर गेले. इतकी वर्षं जाते, पण समुद्राकडे पाठ करून उभी असलेली खाकी कपड्यांतली पोरगी मला पहिल्यांदाच दिसली. तिच्यापाशी गेले.

"काय व्हया, मावशी?"

"काय नाय. तू जरा वळान गणपती बघ. तवसर (तोवर) माणसांकडे मी बघतंय."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, हसली आणि क्षणभर वळली. गणपती लाटेत शिरत होता.

तेवढ्या वेळात मी कशालाही हात लावला नाही.