ए म्हणणाऱ्याला ओ नाही

सन दोन हजार अठरा. मला सदुसष्ट सरून अडुसष्टावं लागलं होतं, आन् त्या साली मी इंजिनिअरिंगच्या पोरांच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवला. लग्नातला बँड नव्हे, रॉक बँड. विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या बँडची गाणी ही पोरं जशीच्या तशी वाजवायची, स्वतःचं एक नाही. त्याला ट्रिब्यूट म्हणतात असं मला सांगितलं. मला ती पोरं आवडली नाहीत, आजही आवडत नाहीत. हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटी गळाभेट होईल म्हणून कुणी वाट बघत बसू नये.

माझी शाळा तिसरीपर्यंत. आमच्या चार पिढ्या मेंढरांमागं गेल्या, मी पहिला सुरांमागं गेलो. यवतला माझी स्वतःची बँड पार्टी होती. तीस वर्षं मी लग्नाच्या वरातीत हातगाड्यावर उभा राहून कीबोर्ड वाजवला. मागं जनरेटर, डोक्यावर भोंगे, पुढं नवरदेवाचं घोडं. चौफुल्यापासून शिरूरपर्यंत अशी वेस नाही जिथनं माझी वरात गेली नाही. मग डीजे आला. एक पोरगं टेम्पोत बसून बटण दाबायचं आन् सगळा गाव नाचायचा. माझ्या माणसांनी एकेक करून वाद्यं ठेवली. एक कंपनीत गेला, एक दूध गोळा करू लागला. मी कीबोर्डला खोळ घातली, पण विकला नाही.

माझ्या पार्टीत ढोल वाजवणाऱ्याचा पोरगा शिरूरकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकत होता, त्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा. तो एक दिवस घरी आला.

"आप्पा, आमचा कीबोर्डवाला कॉलेज सोडून गेला. गॅदरिंग तोंडावर आलंय. तुम्ही या."

"मी? त्या केसाळ पोरांत?"

"शेवटच्या गाण्याची सुरुवात नुसत्या कीबोर्डची हाय. दोन मिनिटं बाकी सगळे गप. आमच्यात कुणाला येत न्हाई."

त्यानं मोबाइलवर ऐकवलं. लांब लांब सूर, एकात एक मिसळलेले, घाई नाही. मी ते दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. दोन मिनिटं सगळे गप आन् एकटा माझा हात. असं तर मला माझ्या पार्टीतबी कधी मिळालं नव्हतं. घरची म्हणाली, "या वयात नाचायला चाललाय का?" मी खोळ काढली.

तालीम तळेगाव ढमढेऱ्याला, रिकाम्या पोल्ट्रीत. कोंबड्या गेल्या होत्या, वास राहिला होता. तिथं त्यांचा म्होरक्या भेटला. केंदूरच्या बागायतदाराचा पोरगा, गिटार वाजवायचा. केस मानेपर्यंत, पायात बूट चिखल न बघितलेले. त्यानं मला बघितलं, कीबोर्ड बघितला, आन् ड्रमवाल्याला म्हणाला, "हे?"

मग मला म्हणाला, "अंकल, कॉर्ड येतात ना?"

मी म्हणालो, "मी कुनाचा अंकल न्हाई. आमच्याकडं आप्पा म्हनत्यात. सूर सांग, वाजवतो."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. आम्ही पेटीवाले, बँडवाले सूर मोजतो पट्टीवर. पांढऱ्या सात, काळ्या पाच. पांढरी एक, पांढरी दोन, काळी एक, काळी दोन. आंधळ्यालाबी कळंल. ही पोरं इंग्रजी अक्षरं म्हणतात. माझ्या पांढरी सहाला ते ए म्हणतात. आन् शेवटचं गाणं होतं नेमकं त्या ए मध्ये.

गाणं सुरू झालं. मी जरा चाचपडलो. तसा हा गिटारवाला माझ्याकडं बघून ओरडला, "ए! ए! ए मेजर!"

मी हात उचलले.

"ए कुनाला म्हनतो रं?"

"कॉर्ड सांगतोय, अंकल."

"आन् मेजर कोन? मी मिलिटरीत होतो का?"

तेवढ्यात पोल्ट्रीचा राखणदार पळत आत आला. तो खरोखर मिलिटरीतनं रिटायर झालेला, सगळं तळेगाव त्याला मेजर म्हणायचं. "काय झालं? कोन बोलावतंय?" पोरं पोट धरून हसली. मी हसलो नाही. मी त्या गिटारवाल्याला सांगितलं, "ह्ये बघ, माझा बाप मेंढरं हाकायचा. त्यानं मेंढराला ए केलं, मान्साला कधी केलं न्हाई. ए म्हननाऱ्याला मी ओ देत न्हाई. पांढरी सहा म्हन, लगेच वाजवतो."

तो म्हणाला, "सगळं जग ए म्हणतं."

"मग जगाला बोलव कीबोर्ड वाजवायला."

दुसऱ्या तालमीला त्यानं खिशातनं काळा मार्कर काढला आन् मला न विचारता माझ्या कीबोर्डच्या पट्ट्यांवर अक्षरं काढली. एकेक अक्षर काढायचा आन् मोठ्यानं म्हणायचा, बालवाडीत शिकवतात तसा. "सी. डी. ई. एफ. जी." पाचव्या पट्टीवरचं अक्षर कोयत्यासारखं होतं, आतल्या अंगाला मूठ. "ए. बी. झालं. आता तरी चुकू नका, अंकल." पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावावा तसा माझा कीबोर्ड रंगवून तो उभा राहिला. मी राखणदाराकडनं चिंधीवर थोडं रॉकेल मागून घेतलं आन् सगळ्यांसमोर सातही पट्ट्या पुसल्या. पुसून होईपर्यंत तालीम थांबली. मी मुद्दाम सावकाश पुसल्या.

तवा त्यानं खरं पोटातलं काढलं.

"ते इंट्रो आपण लॅपटॉपवरनं लावू. मी रेकॉर्ड करून ठेवलंय. अंकल बाकीच्या गाण्यांना नुसते सूर धरतील."

लॅपटॉप. म्हणजे पुन्हा बटण. ज्या बटणानं माझी पार्टी मोडली ते हे पोरगं पोल्ट्रीत घेऊन आलं होतं. मी खोळ उचलली.

"ती दोन मिनिटं हातानं वाजली तर मी हाय. न्हाईतर बसा तुमचा डीजे लावून."

ड्रमवाला मधी पडला, गाणारं पोरगं मधी पडलं. गिटारवाल्यानं शेवटी मान डोलावली, पण अट घातली. "लॅपटॉप स्टेजवर माझ्या बाजूलाच असणार. एक जरी चूक झाली तर तिथंच बटण दाबीन. मग तुम्ही हात खाली घ्यायचे."

"दाब की," मी म्हणालो. "दाबायची येळ यीऊ दे मग."

त्यानंतरच्या तालमींना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याला काही सांगायचं असलं तर तो ड्रमवाल्याला सांगायचा, ड्रमवाला मला सांगायचा, "आप्पा, पांढरी तीन." मी ड्रमवाल्याला सांगायचो, "त्याला म्हन गिटार उतरलीय, पीळ." गिटार खरंच उतरलेली असायची. तो दात खाऊन पिळायचा. घरी मी ती दोन मिनिटं सकाळ-संध्याकाळ वाजवली. घरचीनं कानात बोळे घातले, पण एकदा भाकरी थापता थापता ती तेच गुणगुणत होती. मी तिला तसं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर थांबली असती.

गॅदरिंग दुपारी चारला, कॉलेजच्या मैदानात. मांडव, खुर्च्या, पुढं सगळे साहेब, मागं शिट्ट्या मारणारी पोरं. मी इस्त्रीचं धोतर आन् पांढरी टोपी घालून गेलो. गिटारवाल्यानं सगळ्यांसाठी काळे टी-शर्ट आणले होते. माझ्यासमोर एक धरला. मी म्हणालो, "माझं लगीन झालंय, उघड्या दंडानं फिरायची गरज न्हाई." तो मी घातला नाही. स्टेजवर चार काळे आन् एक पांढरा असे आम्ही उभे राहिलो, मागच्या पोरांनी "आजोबा! आजोबा!" म्हणून गिल्ला केला. करू दे. वरातीत दारूडे यापेक्षा वाईट ओरडतात.

तीन गाणी बरी गेली. पण तिसरं संपता संपता गाणाऱ्या पोराचा घसा बसला, आन् शेवटचं गाणं अजून राहिलं होतं. तो पाठ करून पाणी प्यायला लागला, गळ्याला हात लावून गिटारवाल्याच्या कानात काहीतरी म्हणाला. माझ्या एका बाजूला ड्रम, दुसऱ्या टोकाला गिटारवाला, मधी भोंग्यांचा घोंगावा. गिटारवाल्यानं माझ्याकडं बघितलं. लॅपटॉप त्याच्या कमरेजवळ टेबलावर उघडाच होता. आन् तो मला म्हणाला, "जी!"

मी ऐकलं. तो परत म्हणाला, मान हलवून, "जी! जी!"

खोटं कशाला सांगू, माझी छाती भरून आली. एवढे दिवस अंकल, एवढे दिवस ए, आन् आज हजार माणसांसमोर हे बागायतदाराचं पोरगं मला जी म्हणतंय! म्हटलं, आता कळलं ह्याला की कुणाच्या जिवावर गाणं उभं आहे. मी त्याला मान लववली, राजानं मुजरा घ्यावा तशी. तो आणखी एकदा "जी!" म्हणाला, या वेळी डोळे फाडून. मी हात वर करून म्हणालो, "असू दे, असू दे." आन् पांढरी सहात सुरू केलं.

ती दोन मिनिटं कशी वाजली ते मी सांगणार नाही. मागची शिट्टी बंद झाली एवढंच सांगतो. पुढच्या खुर्चीवरच्या एका साहेबानं हातातला मोबाइल खाली ठेवला.

संपत आलं तसं गिटारवाल्यानं हळूच एक तार छेडली, आन् भाताच्या घासात खडा लागावा तसं झालं. त्याची तार माझ्या सुराखाली पडत होती. पूर्ण एक पांढरी खाली. मी म्हटलं, उतरली ह्याची गिटार परत. पण दुसऱ्या पोरानं जाड तारेची गिटार लावली, तीबी तिथंच, खाली. दोघांची एकदम उतरत नसते. गाणारं पोरगं घसा धरून माझ्याकडं बघत होतं, त्याला तोंड उघडायला आता चारच मात्रा होत्या. मागं कुणीतरी हसलं. आन् गिटारवाल्याचं बोट लॅपटॉपच्या बटणावर गेलं.

तवा मला ते कोयत्यासारखं अक्षर दिसलं. पाचव्या पट्टीवरचं, रॉकेलनं मी स्वतः पुसलेलं. आन् ते काढताना ह्यानं जे मोठ्यानं म्हटलं होतं तेबी ऐकू आलं. जी. पांढरी पाच. घसा बसलेल्या पोरासाठी गाणं एक पट्टी खाली उतरवलं होतं, आन् तेच तो मला सांगत होता. मला कुणी मान दिला नव्हता.

त्या लॅपटॉपात पांढरी सहाच भरलेली होती. बटण दाबलं असतं तरी खडा तसाच लागला असता. हे मला ज्या क्षणी कळलं त्याच क्षणी त्यालाबी कळलं असणार, कारण त्याचं बोट तिथंच राहिलं. वरातीत गाणारी बाई दमली की मी चालत्या गाण्यात पट्टी उतरवायचो, घोड्यालासुद्धा कळायचं नाही. मी शेवटचा सूर लांबवला. पांढरी सहावरनं काळी चारवर घसरलो, तिथं जरा थांबलो, जणू गाणंच तसं आहे, आन् तिथनं पांढरी पाचवर उतरलो. गिटारा खाली बसल्या. पोरानं तोंड उघडलं. आवाज फाटका होता पण लागला. टाळ्या पडल्या. काही माझ्या असतील, मी मोजत बसलो नाही.

स्टेजच्या मागं तो माझ्या अंगावरच आला.

"अंकल, मी चार वेळा ओरडलो! बहिरे आहात का?"

"आलं की ऐकू. जी म्हनलास."

"मग?"

"मग काय? म्हटलं, पोराला वळण लागलं."

ड्रमवाला हसला आन् लगेच तोंडावर हात धरला. गिटारवाला हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

"जी म्हणजे पांढरी पाच! पांढरी पाच!"

"म्हंजी तुला पांढरी पाच म्हनता येत होतं तर. मग तसंच का न्हाई वरडला?"

"आणि तुम्हाला जी माहीत होतं. उतरलात ना तिथं? मग आधी का नाही?"

 मी खोळ चढवली. पोरं पावभाजी खायला थांबली, ड्रमवाला "आप्पा, बसा की" म्हणाला. मी बसलो नाही. कीबोर्ड मांडीवर घेऊन जीपनं न्हावऱ्यावरनं चौफुल्याला आलो, तिथनं यवत. घरचीनं विचारलं, "कसं झालं?" मी म्हणालो, "हातानं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी कीबोर्ड ओट्यावर घेतला. खिळा चुलीत लाल केला, फडक्यात धरला आन् पांढरी पाचच्या पट्टीवर ते अक्षर कोरलं. इंग्रजी नाही, मला येतं तसं: जी. प्लास्टिक जळाल्याचा वास गल्लीभर गेला. खिळा अजून गरम होता, पण शेजारची पांढरी सहा मी कोरीच ठेवली.